अठ्ठावीस बायकांचे गुणी आकडे

तीन वर्षांत पहिल्यांदाच सगळे आकडे चांगले आले आणि डॉ. कोलापो धास्तावले. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या अठ्ठावीस बायकांच्या रक्तातली एक खूण ते मोजत होते. खूण वाढली की रोग परत येतोय असा संशय घ्यायचा. एरवी आकडे वरखाली असायचे. या खेपेला अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खाली. नायजेरियातल्या इबादानमध्ये इतकं चांगलं एकदम काहीच होत नाही, वीजसुद्धा आली तर एकाच गल्लीत येते.

त्यांनी यंत्र दोनदा तपासलं, रसायनं बदलली, जनरेटरच्या नावाने खडे फोडले. शेवटी थकून बाहेरच्या बाकावर येऊन बसले. तिथे त्या अठ्ठावीसांतलीच एक, फुन्मीची आई, म्हणजे सगळ्यांची इया फुन्मी, शेजारणीला डोकं दाखवत होती.

"बघ, कसे दाट आलेत! रोज दोन गोळ्या."

"कसल्या गोळ्या, इया?" डॉक्टरांनी विचारलं.

"केसांच्या. सिस्टरने सगळ्यांना दिल्यात की. तुला नाही दिल्या? खरी गरज तर तुला आहे, लेकरा."

डॉक्टरांनी तडक सिस्टर मोरेनिकेंना गाठलं.

"तुम्हीच म्हणालात ना, बायका तपासणीला परत यायला हव्यात?" सिस्टर उसळल्या. "केस गेले की बाई दाराबाहेर पडत नाही, डॉक्टर. गोळ्या सुरू केल्यापासून एकीचा खाडा नाही!"

"अहो, त्यात भारी मात्रेचं बायोटिन आहे! ते रक्तात असलं की आपलं यंत्र फसतं. खूण असली तरी कमीच दाखवतं."

"जीवनसत्त्व आहे ते. विष नव्हे," सिस्टर पुटपुटल्या.

मग आठवडाभर गोळ्या बंद. हे सांगायला डॉक्टर दारोदार फिरले. प्रत्येक घरी कंदाच्या पिठाचा अमाला खावा लागला आणि प्रत्येक घरी बोलणीही. पंधरवड्यावर चर्चमधली आभारप्रार्थना आलेली, त्यासाठी सगळ्यांचं एकसारखं कापड शिवून तयार.

"आधी छाती नेलीस, मग रक्त," एकीने सुनावलं, "आता केसांवर डोळा?"

पुन्हा रक्त घेतलं. सत्तावीस जणींचे आकडे थोडे वरखाली, पण काळजीचे नव्हते. इया फुन्मीचा मात्र सरळ वर चढला होता. फोटो काढले, तर गाठ निघाली. गेल्या खेपेला डॉक्टरांनीच तिला "झकास आहेस" म्हटलं होतं. आता सांगताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"लहान आहे, इया. वेळेत सापडली. उद्यापासून औषध सुरू करू."

"तेच? केस जाणारं?"

"तेच."

इयाने डोक्याचं फडकं सोडलं. मग तिने बारीक बारीक वेण्यांवरून हात फिरवला.

"सोमवारी सुरू कर," ती म्हणाली. "काल सहा तास बसून घातल्यात. रविवारी अख्ख्या चर्चला दाखवणार आहे मी."