केदारीभाऊंचा कर्नल

आमच्या वाचनालयात कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा म्हणजे ओरडावं लागतं. केदारीभाऊंचा तसा नियम आहे. ते खुर्चीत ताठ बसून पुकारतात, "मेन्यू!" खोलीत जो कोणी असेल त्याने पडद्याकडे बोट करून उत्तर द्यायचं, "मेन्यू दिसला!" मग ते म्हणणार, "डिस्क!" आणि आपण, "डिस्क सापडली!" लोहगड उतरून फोन चार्ज करायला आलेल्या एका ट्रेकरने एकदा नुसतं "हो" म्हटलं. भाऊंनी कीबोर्डवरचा हात उचलला. "नुसतं व्हय म्हणून गाडी चालत न्हाई, पाव्हणं. काय दिसलं ते बोला."

भाऊ रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. दिसलेला प्रत्येक सिग्नल ड्रायव्हर आणि सहायकाने एकमेकांना मोठ्याने सांगायचा असतो. नोकरी संपली, सवय भाजे गावात आमच्या वाचनालयात आली. मी इथली कार्यवाह. माझं काम याद्यांवर चालतं, भाऊंचं आरोळ्यांवर. तरी आमचं जमतं, कारण मधली पायरी गाळलेली दोघांनाही खपत नाही.

इथले कॉम्प्युटर एका ऑफिसने टाकून दिलेले. भाऊंनी ते पुसले, उघडले, त्यांवर लिनक्स नावाची मोफत प्रणाली चढवली आणि पुढे तिचा कर्नलही स्वतः बांधायला लागले. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुख्य कारभारी. डिस्क, कीबोर्ड, पडदा या सगळ्यांना कामाला लावणारा. बाकीचे लोक तो तयार घेतात. भाऊ म्हणतात, "आपल्या मशीनला काय लागतं ते परक्याला काय ठावं?" मी पाहुण्यांना अभिमानाने सांगते, घरचा कर्नल असलेलं दुसरं वाचनालय मला मावळात दाखवा.

यंदा या कर्नलवर एका माणसाचं वाचन अडलं. ताराबाई गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आमची निम्मी कपाटं त्यांनी वाचून संपवली आणि मग त्यांची नजर गेली. तरी रोज येतात, पुस्तक मांडीवर घेऊन बसतात. एका देणगीदाराने एक कॅमेरा दिला. त्याच्याखाली पान धरलं की कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचतो. अडचण एवढीच, की आमचा जुना कर्नल त्या कॅमेऱ्याला ओळखच देईना. समितीने ठरवलं, रविवारपर्यंत चालला तर ठीक, नाहीतर वडगावच्या वाचनालयाला देऊन टाकू. ताराबाईंना तर आता वडगावची गाडी पकडायला मळवली स्टेशनपर्यंत जाणंही होत नाही.

"बबन, तुझ्या जिवावर बसलेय हं," त्या भाऊंना म्हणाल्या.

"बसा बाई. नवा कर्नल बांधतो. कॅमेऱ्याला 'या बसा' म्हणंल असा."

भाऊंनी बांधला. जुना तसाच राहू देऊन नवा त्याच्या शेजारी ठेवला. रविवारी सकाळी समिती समोर बसली.

"मेन्यू!"

"मेन्यू दिसला!" समितीसकट आम्ही सगळे.

"डिस्क!"

कुणी बोलेना. काळ्या पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. डिस्क सापडत नाही, असा त्यांचा अर्थ. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"बूट इमेज! नव्याची बूट इमेजच केली न्हाई!"

"म्हणजे काय रे?" ताराबाईंनी विचारलं.

"बाई, कर्नल जागा झाला की त्याला आधी डिस्क गाठायची असती. त्यासाठी लागणारी हत्यारं एका गाठोड्यात बांधून संगं द्यायची. ते गाठोडं म्हंजी बूट इमेज. आपला बँकरच की, घाटातलं जादा इंजिन. कर्जतला गाडीला मागून लागतो, घाट चढवतो, लोणावळ्याला सुटतो."

"आणि तू नोकरीत काय चालवायचास?"

भाऊ कीबोर्डवरची धूळ पुसायला लागले.

"सांग की."

"बँकर," भाऊ पुटपुटले.

"जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या मागून ढकलल्यास, आणि माझ्या गाडीला इंजिन लावायचं विसरलास!"

अध्यक्षसुद्धा हसले. त्या हसण्याचा फायदा घेऊन मी सगळ्यांना चहा सांगितला. भाऊंनी मेन्यूतून जुना कर्नल निवडला, मशीन मुकाट उठलं. त्यांनी नव्यासाठी बूट इमेज तयार केली, तिची नोंद मेन्यूत घातली, दोनदा तपासली. पुन्हा आरोळ्या झाल्या. या वेळी "डिस्क सापडली!" मी इतक्या जोरात ओरडले, की बाहेरचा मक्याच्या कणसांचा गाडीवाला आत डोकावला.

कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. ताराबाईंनी मांडीवरचं पुस्तक त्याच्याखाली सरकवलं. क्षणभर काहीच नाही. मग कॉम्प्युटर वाचू लागला, सपाट आवाजात, श्वास न घेता. बाई कान देऊन ऐकत होत्या. पान संपलं तेव्हा त्यांनी हाताने चाचपून ते स्वतः उलटलं.

"उच्चार सुधारायला हवेत," त्या म्हणाल्या. "पण वाचतो बरा. राहू दे इथेच."

समिती खूश होऊन गेली. मला मात्र नव्या कर्नलचा क्रमांक नोंदवायचा होता. मी कमांड दिली. बोलणारा कॉम्प्युटर आता पडद्यावरचं सगळंच वाचत होता, हे माझ्या लक्षात नव्हतं. त्याने एकेक आकडा वाचला आणि शेवटी स्पष्ट म्हणाला, "सुमन."

भाऊ एकदम वायरी गुंडाळायला लागले.

"सुमन?" ताराबाई म्हणाल्या. "हे तर तुझ्या बायकोचं नाव."

मी वहिनींना केदारीवहिनी म्हणूनच ओळखत होते. त्यांना जाऊन बराच काळ झाला.

"कर्नल बांधताना मागं एक नाव जोडता येतं," भाऊ वायरींकडे बघत म्हणाले. "तितं कुणी वाचत न्हाई, म्हणून टाकलं."

"तुझ्या तोंडून तर कधी ऐकलं नव्हतं."

"घेतलंच न्हाई कधी. लग्नात बायका लय मागं लागल्या, तवा लाजून पळालो. पुढं 'अगं' आन् 'ऐकलं का' यातच संसार झाला. तिला लय वाटायचं, एकदा तरी नावानं हाक मारावी."

भाऊंनी सगळ्या वायरी गुंडाळल्या, सोडल्या, परत गुंडाळल्या.

"ताई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती मगाची कमांड परत एकदा द्या की."

मी दिली.