काखेतल्या दोन बासऱ्या

आमचे होनरावसाहेब बासऱ्या काखेत घालून हिंडतात. एक डाव्या काखेत, एक उजव्या. त्यामुळे ते नमस्कारसुद्धा कोपरं न हलवता करतात.

बासरी म्हणजे रेकॉर्डर, उभी धरून वाजवायची लाकडी विलायती बासरी. ती थंड असली की श्वासाचं आत पाणी होतं आणि सूर घुसमटतो. साहेब कारखान्यात मालाची तपासणी करून निवृत्त झालेले. थंड बासरी म्हणजे त्यांच्या लेखी नापास माल. बिबवेवाडीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही अकरा हौशी वादक दर रविवारी जमायचो, तेव्हा ते दारातच विचारायचे, "तापली का?" कुणी लाजलं की म्हणायचे, "काखेची लाज वाटते? मग थर्मामीटर वाजवा. तोही तिथेच घालतात."

डावीकडची ते वाजवायचे. उजवीकडची कधीच नाही. विचारलं तर उत्तर एकच, "ती राखीव आहे."

हा वाद्यवृंद खरं तर त्यांच्या पत्नीने, मालतीताईंनी, उभा केला. साहेबांनाही त्यांनीच शिकवलं. एकदा परदेशात वाजवायचं, हे मालतीताईंचं वेड. पण फुप्फुसाच्या दुखण्याने दम गेला आणि वाजवणं सुटलं. पुढे हिंजवडीत कंपन्या आल्या, मी त्यातल्या एकीत लागले, आणि आमच्या जर्मन साहेबाने त्याच्या गावच्या चर्चमध्ये वाजवायला आम्हाला बोलावलं. निघताना मालतीताई गेटपर्यंत आल्या, तेवढ्यात दोनदा थांबल्या. मला म्हणाल्या, "माझ्या वाटचंही वाजव गं."

विमानतळावर शिपायाने होनरावसाहेबांना अडवलं. "काखेत काय आहे?"

"बासरी."

"आणि दुसऱ्या काखेत?"

"दुसरी बासरी."

"वाजवून दाखवा."

"अजून तापायचीय," साहेब म्हणाले. का कोण जाणे, त्याने जाऊ दिलं.

ते चर्च म्हणजे बर्फाची वखार. इतक्या गोऱ्या माणसांसमोर बासरी काखेत काय घालायची, म्हणून मी माझी पिशवीतच ठेवली होती. कार्यक्रमाला पाच मिनिटं असताना फुंकून पाहिली, तर नुसती गुरगुर. आणि सुरुवात माझ्या एकटीच्या सुरांनी होती! मी रडकुंडीला आले. आता साहेब सोलून काढणार, याची खात्रीच होती.

साहेबांनी कोटाची बटणं काढली आणि उजव्या काखेतली बासरी माझ्या हातात दिली. "मालतीची आहे. तापलेली आहे. घ्या."

तिला माणसाची ऊब होती. जी बासरी कुणी वाजवणार नव्हतं, ती हा माणूस इतकी वर्षं तयार ठेवत आला होता! मी थक्क होऊन फुंकर घातली. सूर निघाला तो थेट त्या उंच छतापर्यंत गेला. असं मी आधी कधी वाजवलं नव्हतं, नंतरही नाही.

टाळ्या संपल्या तेव्हा साहेब जागेवर नव्हते. दाराशी मोबाइल कानाला लावून उभे होते.

"वाजली गं तुझी," ते सांगत होते. "पार वरपर्यंत वाजली."

पलीकडून काय आलं कळलं नाही. मग फोन ठेवून त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"द्या इकडे. गार पडेल," म्हणाले. रुमालाने ती नीट पुसली आणि परत उजव्या काखेत घातली.