उर्वशीची पाठवणी

शाळेत नोकरी लागल्यापासून उर्वशीची लाखनीत दोन घरं सुटली होती. पहिल्या मालकाने भेटायला आलेल्या सख्ख्या भावाचं आधार कार्ड मागितलं. दुसरीकडे मालकीणबाई दर रविवारी आपल्या भाच्याला नळ दुरुस्त करायला पाठवायची. नळ चांगला होता. एमएस्सी, बीएड झालेल्या पोरीला गावोगावची पोरं शिकवायला चालत होती, खोली मात्र कुणी देईना.

तिसऱ्या दारात गिरजाबाई म्हणाल्या, "एकटी पोरगी आमी ठेवत नाही."

उर्वशी बोलून गेली, "माह्यं लगन जुळलं हाये, काकू. धान निघाला का करायचं हाये."

"मंग रहा ना, माय!"

विधवा, लेकरूबाळ नसलेल्या गिरजाबाईंनी ते लग्न मनावरच घेतलं. रुखवतासाठी कणकेचे सरगुंडे वळून वाळवले. उर्वशीला ताप आला तेव्हा उशाशी बसून राहिल्या. खरं सांगून टाकावं असं तिला रोज वाटे, पण गिरजाबाईंचं ठरलेलं होतं, "लबाड मानसाले मी पान्याचा गिलास बी देत नाही."

एक दिवस त्या म्हणाल्या, "जावयाले फोन लाव ना वो, मी बी दोन शब्द बोलीन."

"तो फौजेत हाये, काकू. फोन लागत नाही."

गिरजाबाईंनी जावयासाठी सोमवार धरले. 

धान कापणीला आला आणि गिरजाबाईंनी लग्नाला जायला अख्ख्या गल्लीसाठी गाडी सांगितली. उर्वशीने घाईघाईने लग्न जम्मूच्या छावणीत नेलं आणि शाळेच्या पलीकडे, अड्याळला, खोली पाहिली. निघताना गिरजाबाईंनी ओटी भरली, सरगुंड्यांचा डबा दिला आणि तिच्या गळ्यात पडून रडल्या. उर्वशीही रडली. तिचं रडणं खरं होतं.

अड्याळच्या जनाबाई सामान उतरायच्या आत नियम सांगू लागल्या, "आठनंतर दार बंद. पाव्हना नाही. पानी एकच बालटी."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या तेच नियम पुन्हा ऐकवत होत्या, तेवढ्यात गिरजाबाईंचा फोन आला. "पोचली का, माय? सासू कशी हाये?"

उर्वशीने जनाबाईंकडे पाहिलं. "कडक हाये, काकू."

"जीव लावते का?"

"तुमच्यासारखी नाही."

 मग गिरजाबाई म्हणाल्या, "तरास देल्ला त तशीच निघून ये. तुयी खोली मी कोनालेच देत नाही."

"एकटीच येऊ, काकू?"

"एकटीच ये. घरच्या लेकीले कोनी इचारते का?"

उर्वशीला हुंदका आवरेना.

"आठ वाजले," जनाबाई दारातून म्हणाल्या, "रडायचं असंल त हळू."