पोलंडचं स्थळ

कंपनीने ‘आता हे चालणार नाही’ असं सांगितलं, म्हणून तुम्ही आजवर किती धडधाकट वस्तू कचऱ्यात टाकल्यात? मोजू नका, लाज वाटेल. मला वाटली होती, आवटीकाकांची ओळख झाल्यावर.

न्युरेम्बर्गच्या आमच्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर राहायचे, काका दुसऱ्या. एका कारखान्यात नव्या मोटरी तपासून त्यांचे दोष लिहायचे, ही त्यांची नोकरी. मी पहिल्यांदा विरजण मागायला गेले, तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “बस जरा. आज पोलंडचं स्थळ आलंय.”

घरात लग्नाची मुलगी होती, नाही असं नाही. पण रेवा बर्लिनला शिकत होती आणि लग्नाचं तिच्या गावीही नव्हतं. स्थळं पाहणं चाललं होतं ते जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपसाठी.

लॅपटॉप रेवाचा. तिच्या कोर्सचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवरच चालायचं. “पापा, तेवढी टाकून ठेव,” असं जर्मनमध्ये सांगून ती तो ठेवून गेली. काकांनी नवी विंडोज टाकली आणि पडदा बिघडला. कॉम्प्युटरमधल्या चित्रं काढणाऱ्या भागाशी विंडोजचं बोलणं जुळवून देणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, ड्रायव्हर. जुना ड्रायव्हर नव्या विंडोजला चालेना आणि नवा काढायला कंपनी तयार नव्हती. तिच्या दृष्टीने ते मॉडेल मेलं होतं. त्यामुळे गोल अंड्यासारखे दिसत, माणसं जांभळी दिसत आणि पान खाली सरकवलं की ते वाळत घातलेल्या लुगड्यासारखं हिंदकळत उतरे.

अशा मेलेल्या मॉडेलांसाठी जगभरातले हौशी लोक जुने ड्रायव्हर ठोकून ठाकून नवे करत आणि इंटरनेटवर ठेवत. काका ते एकेक उतरवून घेत, बसवत आणि निकाल देत.

“ब्राझीलचं स्थळ देखणं आहे, पण झोपेतून उठत नाही.” म्हणजे झाकण मिटून उघडलं की पडदा काळा.

“चेकचं तापट. पंखा थांबतच नाही.”

“फिनलंडचं शांत आहे गं, पण व्हिडिओ लावला की अंग टाकतं.”

नकार कळवायचा तोही रीतसर. ड्रायव्हर करणाऱ्याचे आधी आभार, मग दोष, शेवटी पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. “मुलाकडच्यांना दुखवू नये,” काका म्हणत.

माझं रक्त तापे. माझे आईबाबा चळवळीतले. आमच्याकडे पोळ्यासुद्धा उरलेल्या पत्रकांवर गार व्हायच्या. मी अक्षरं शिकले तीच ‘निषेध’ आणि ‘जाहीर’ या शब्दांतली.

“काका, हा सरळसरळ अन्याय आहे. चालत्या मशीनला मेलेलं ठरवायचं, का, तर नवं खपवायचंय.”

“गेनाऊ,” काका म्हणत. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. पण ते तो शब्द कुणी शिंकलं तरी वापरत. “अन्याय आहेच. आधी रीस्टार्ट.”

मी कंपनीला पाठवायला एक जळजळीत निषेधपत्र लिहून दिलं. काकांनी ते चष्मा पुसून वाचलं. “‘नराधम’ काढू या का, पुढारी? तिथे एखादी बाई बसलेली असेल पत्रं उघडायला.” तेव्हापासून मी पुढारी झाले. जिन्यात भेटले की विचारत, “काय पुढारी, आज कुणाविरुद्ध?”

काकू मिरजेला होत्या, आजारी सासूबाईंजवळ. काका एकटेच. रविवारी जर्मनीत भिंतीला खिळा ठोकायची सोय नाही, रस्तेसुद्धा कुजबुजतात. त्या शांततेत दुपारी रेवाचा फोन येई. काकांचे दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून फोन स्पीकरवर. वर माझ्याकडे करमेना की मीही तिथेच बसलेली.

रेवाला मराठी कळायचं, बोलायची ती जर्मन. काकांचं जर्मन कारखान्यातलं: तापमान, कंप, दोष. जेवलीस का? “जा.” म्हणजे जर्मनमध्ये हो. मैत्रिणी झाल्या का? “जा.” बरी आहेस ना? “जा, पापा.” याच्यापुढे काकांचं जर्मन संपायचं आणि तिचं मराठी.

मग ती विचारी, “उंड?” म्हणजे आणि? “ड्रायव्हर?” की दोघांच्या जिभा सुटत. रिझोल्यूशन, पिक्सेल, व्हर्जन, क्रॅश. या शब्दांत दोघंही कुठे अडत नसत. फिनलंडच्या स्थळाने भर व्हिडिओत अंग टाकल्याचं ऐकून ती इतकी हसली होती की काकांनी स्पीकरचा आवाज कमी केला, शेजाऱ्यांसाठी.

दर प्रयोगानंतर लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. त्याला वेळ लागे. त्या रिकाम्या वेळात रेवा आपसूक काहीबाही बोलून जाई. बर्लिनच्या घरात सोबत राहणाऱ्या मुली स्वयंपाकघरात तिच्याशी बोलत नाहीत. सायकल चोरीला गेली. एका प्राध्यापकाची भीती वाटते. काका नुसतं “हं” म्हणत. पडदा उजळला की ती गप्प होई. मग काका गरज नसताना आणखी एकदा रीस्टार्ट करत.

एका शनिवारी आर्जेंटिनाचं स्थळ आलं आणि जुळलं. गोल गोल झाले, माणसं माणसांच्या रंगाची झाली. काकांनी व्हिडिओ लावला, तो चालला. झाकण मिटलं, चहा ठेवला, दोघांनी प्यायला, मग झाकण उघडलं. लॅपटॉप झोपेतून उठला.

“जिंकलो आपण,” मी म्हणाले.

काका पडद्याकडे बघत राहिले. “उद्या रविवार,” एवढंच म्हणाले.

मला कळायला जरा वेळ लागला. मग मीच म्हटलं, “इतक्यात सांगू नका. म्हणावं अजून रंग नीट नाहीत. दोन महिने तरी निघतील.” सत्यासाठी मोर्चे काढणाऱ्या घरातली मुलगी मी, आणि हे बोलताना मला काही वाटलं नाही.

“नाही गं.” काकांनी कप उचलले. “तपासणीचा निकाल खोटा लिहायचा नसतो. आणि तिचं काम अडलंय.”

रविवारी रेवाने विचारलं, “उंड?”

“चालला,” काका म्हणाले.

ती खूश झाली. आभार मानले, कुरिअरने पाठव म्हणाली. काकांनी घाईघाईने सांगितलं, “आल्झो, म्हणजे तसा एक दोष आहे. बटणाने उजेड कमीजास्त होत नाही.” हे खरं होतं. त्यांनी ते बरंच शोधून काढलं असावं.

“एगाल, पापा,” ती म्हणाली. असू दे, काही बिघडत नाही. मग च्युस म्हणून तिने फोन ठेवला. तिची चूक नव्हती. ती आनंदात होती.

लॅपटॉप बर्लिनला गेला. त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याला आला, “जा, जा, पापा” एवढाच. मग येईनासा झाला. टेबल मोकळं झालं, तरी काका एका कोपऱ्यातच जेवत.

एके दिवशी दुपारी माझी बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट घालून.

“तुझा लॅपटॉप कसा आहे, पुढारी?”

“नवाच आहे, काका. छान चालतो.”

“झोपेतून उठतो ना?”

“उठतो.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “गेनाऊ.” आणि जिना उतरून गेले. मी मागोमाग गेले, बळेच आत बसले, चहा मागितला. पण ते माझ्याशी बोलताना सारखे टेलिफोनकडे बघत होते. त्या खुर्चीत माझा उपयोग नव्हता.

म्हणून हे पत्रक. कंपनीविरुद्धचं मी नंतर काढीन. हे तुमच्यासाठी आहे, जे आईबापांना सोडून दुसऱ्या शहरात आहात आणि ज्यांचं सगळं छान चाललंय. येत्या रविवारी घरी फोन करा आणि सांगा, अमुक एक चालत नाहीये, काय करू? खोटं बोलू नका, त्यांना ते आवडणार नाही. नीट शोधा. प्रत्येकाचं काहीतरी चालत नसतंच.