सखारामाच्या नावावर

सखारामभाऊ गोणबरे अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते, तेव्हा नागपूरहून फोन आला आणि एका गोड आवाजाच्या मुलीने नव्या मोटारसायकलबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. कर्ज मंजूर होतच आलंय, फक्त पत्ता तपासायचाय, असं ती म्हणाली. सखारामभाऊंनी उभ्या जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. पोफळीच्या वीजघरातली सगळी नोकरी त्यांनी पायी केली होती. तेव्हा ही मुलगीच भामटी असणार असं धरून त्यांनी तिला ठेवणीतल्या चार गोष्टी ऐकवल्या. तिने त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि त्यांची जन्मतारीख, पत्ता आणि वडिलांचं नाव वाचून दाखवलं. सखारामभाऊंच्या हातातलं सूप कलंडलं.

त्यांच्या नावाचा कोणी तोतया नागपुरात हिंडतोय, याचं एरवी त्यांना थोडं कौतुकच वाटलं असतं. पण वेळ वाईट होती. वेळणेश्वराला येणाऱ्या पाहुण्यांसाठी परसात दोन खोल्या बांधायला त्यांनी बँकेत अर्ज केला होता, आणि मॅनेजरबाईंनी बजावलं होतं की तुमची कर्जाची नोंद स्वच्छ आहे, ती तशीच राहू द्या.

शिवाय हा नुसता खोल्यांचा प्रश्न नव्हता. घर आणि जागा बायकोच्या, दमयंतीबाईंच्या माहेरची. निवृत्तीनंतर ते इथे येऊन राहिले तेव्हापासून वाडी त्यांना तोंडावर भाऊ आणि पाठीमागे घरजावई म्हणत असे. बँकेत बायकांना व्याजात सवलत असते, कर्ज माझ्या नावावर घ्या, असं दमयंतीबाईंनी सुचवलं, तेव्हा ते उसळले होते. या वाडीत एक तरी भिंत सखारामाच्या नावावर उभी राहणार होती. खोल्यांचा पत्ता नव्हता, पण 'सखाराम निवास' अशी पाटी रंगवून माळ्यावर तयार होती.

चिपळूणला नोकरी करणाऱ्या लेकीने, नम्रताने, फोनवरून सगळं बैजवार सांगितलं. सायबरवाल्यांच्या १९३० नंबरवर तक्रार करायची, फायनान्स कंपनीला लेखी कळवायचं, कर्जाची नोंद ठेवणाऱ्यांना हा अर्ज माझा नाही म्हणून हरकत पाठवायची, आधारचे ठसे कुलूपबंद करायचे. "आणि बाबा, ओटीपी कोणाला सांगायचा नाही. देव आला तरी नाही."

सखारामभाऊंनी हे सगळं केलं, पण त्यांचं समाधान होईना. प्रत्येक ठिकाणी नुसता तक्रार क्रमांक मिळत होता. चोराला काही झाल्याचं दिसत नव्हतं. तेव्हा वाडीतला माणूस अशा वेळी जे करतो तेच त्यांनी केलं. नारळ घेतला आणि भैरीच्या देवळात केरू गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं.

केरूचा आवाज खणखणीत होता. वाडी जमली होती. "बा भैरी म्हाराजा," केरूने सुरुवात केली, "ह्या सखारामाच्या नावाचा कोण चोर उभा ऱ्हायलाय. तर जो कोण सखाराम गोणबऱ्याच्या नावावर कर्ज काढील, कागदावर सही करील, त्याचा हात कोपरापास्नं लुळा पडूंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. सगळ्यांत वरचा आवाज दमयंतीबाईंचा होता. एरवी चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या बायकोला आपली एवढी काळजी, हे पाहून सखारामभाऊंना भरून आलं.

आणि गुण आला. कंपनीने अर्ज रद्द केला, नोंदीवरचा डागही पुसला गेला, आणि आमसुलं बरण्यांत भरून होतात तोच मॅनेजरबाईंचा निरोप आला की कर्ज मंजूर आहे, सही करायला या.

बँकेत सखारामभाऊ दमयंतीबाईंना शेजारी घेऊन ऐटीत बसले. मॅनेजरबाईंनी कागद पुढे सरकवले. त्यांनी पेन टेकवलं मात्र, आणि त्यांच्या कानात केरूचा आवाज घुमला. जो कोण सखाराम गोणबऱ्याच्या नावावर कर्ज काढील. हात लुळा पाडताना केरूने चोराचा असं काही म्हटलं नव्हतं. जो कोण म्हटलं होतं. सखारामभाऊंचा हात थरथरू लागला आणि कोपरात खरोखरच मुंग्या आल्या.

सही झाली ती झुरळ शाईत पडून चालत गेल्यासारखी. मॅनेजरबाईंनी ती जुन्या सहीशी ताडून पाहिली, मग सखारामभाऊंकडे पाहिलं. याच नावाने नुकतीच फसवणूक झाली होती. त्यांनी अंगठ्याचं यंत्र पुढे केलं, तर ठसे कुलूपबंद. कुलूप उघडायला मोबाइलवर ओटीपी आला.

"तो आकडा सांगा," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"नाय सांगनार."

"अहो, कर्ज तुमचंच आहे ना?"

"तांच तर भ्याव हाय," सखारामभाऊ म्हणाले, आणि हात चोळत बाहेर आले. दमयंतीबाईंनी मॅनेजरबाईंची माफी मागितली आणि नवऱ्यामागून निघाल्या.

थेट देऊळ गाठून सखारामभाऊंनी केरूला गाऱ्हाण्यात दुरुस्ती करायला सांगितली. खुद्द सखाराम सोडून, एवढे तीनच शब्द घालायचे होते. केरूने डोकं खाजवलं.

"भाव, आदी सांगायचां व्हतं. मी काय वकील हाय? देवाकडं गेलेला शब्द मागं येत नाय. आता इचारून बगू."

त्याने देवाच्या अंगावर दोन बाजूंना दोन फुलं चिकटवून कौल लावला. उजवीकडचं फूल पडलं तर सखारामाने सही करायची, डावीकडचं पडलं तर नाही. देवळात पंखासुद्धा नव्हता. बराच वेळ काहीच हललं नाही, आणि मग डावीकडचं फूल अलगद खाली आलं.

केरू हळूच म्हणाला, "नको म्हनतोय."

सखारामभाऊ घराकडे निघाले. आयुष्यात एकदा आपल्या नावाचं काहीतरी उभं राहणार होतं, तेही आपणच नारळ फोडून बंद करून आलो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

पुढल्या सोमवारी दमयंतीबाईंनी बँकेत स्वतःच्या नावच्या कर्जाच्या अर्जावर ठसठशीत सही केली. जागा त्यांचीच, नोंद कोरी, वर व्याजात सवलत. हात कुठेही थरथरला नाही. घरी आल्यावर सखारामभाऊंनी माळ्यावरची पाटी खाली काढली आणि तिच्यावरचं आपलं नाव खरवडायला बसले. 'निवास' तेवढं राहू द्यायचं होतं. अर्ध्यावर त्यांचा हात थांबला.

"अगो, त्या दिशी देवळात येवढ्या मोट्यान व्हय म्हाराजा का म्हनालीस?"

दमयंतीबाई चुलीवरचा चहा गाळत होत्या. त्यांनी कप त्यांच्यासमोर ठेवला.

"तुमचां सगळां ध्यान त्या चोराकडं व्हतं," त्या म्हणाल्या. "केरू काय बोलला तां मी नीट आयकलां."