एक दाणा कमी

"चारशे नव्याण्णव," निरीक्षक मॅडम म्हणाल्या.

"पाचशे," कोठीवाले काका म्हणाले. "सकाळीच मोजलेत मी."

चाचणीसाठी आलेली, ओळखीसाठी निळा रंग दिलेली मोहरी होती ती. प्रयोगशाळेत तिच्यात दुसऱ्याच रोपाचा गुण घातलेला. परवानगी मिळेपर्यंत एकही दाणा कोठीबाहेर जाता कामा नये, असा नियम. कुठे पडला, रुजला, तर पुढे काय होईल ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. काकांच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते. सव्वीस वर्षांत त्यांच्या वहीत दाणा इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि आता जाता जाता तोंडाला काळं लागायची वेळ आली होती.

पुन्हा मोजले. चारशे नव्याण्णवच. टेबल झाडलं, खिसे उलटे केले. शेवटी दोघं जमिनीवर रांगायला लागले.

"मॅडम, हलू नका. कोपराशी बघा."

एक मुंगी निळा दाणा घेऊन निघाली होती. काकांनी हात घालेपर्यंत ती कपाटाखाली गडप झाली. धापा टाकत दोघांनी कपाट सरकवलं, तर मुंगीबाई भिंत चढत होत्या. स्वतःपेक्षा मोठं ओझं तोंडात, आणि चाल सरळ वर. दोघं बघतच राहिले.

"अगं बाई, केवढीशी ती," मॅडम हळूच म्हणाल्या. "मला भाजीची पिशवी घेऊन जिना चढवत नाही."

"कुठे थांबते का बघा," काका म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता. या कौतुकाच्या नादात धरायचं राहिलं, आणि मुंगी भेगेत शिरली.

मग स्क्रू ड्रायव्हर आला. दोनदा टोचताच गिलाव्याचा पोपडा खाली आला. आत पोकळी, आणि पोकळीत अख्खी कोठी. वर निळा दाणा, खाली लाल, हिरवे, तळाशी पिवळे. दर चाचणीच्या बियाण्याचा रंग वेगळा असायचा. पिवळा रंग काका नोकरीला लागले त्या वर्षीचा.

मॅडम पोकळीत डोकावल्या.

"पण दर वर्षी मोजणी बरोबर भरली होती ना?" मॅडमनी विचारलं.

"भरली होती."

"मोजायचं कोण?"

"मीच," काका म्हणाले. "एकटाच. दुसऱ्या कुणी आजच पहिल्यांदा मोजलं."

काकांनी चष्मा पुसला, सव्वीस वर्षांपूर्वीची वही काढली आणि भिंतीशी मांडी घालून बसले.

"या, बसा मॅडम," ते म्हणाले. "पिवळ्यांपासून सुरू करू."