पाइक बेंडचं लाल बटण

चोर कोण हे शोधणं ही बुद्धीची बाब आहे, आणि त्याला तोंडावर चोर म्हणणं ही संस्कारांची. आमच्या पाइक बेंड गावात बुद्धी भरपूर आहे; संस्कार त्याहून जास्त. उत्तर मिनेसोटाच्या थंडीत शेजाऱ्याशी वाकडं घेऊन चालत नाही, कारण गाडी बर्फात रुतली की ढकलायला तोच येणार असतो. आमच्याकडे ताटातली शेवटची वडीसुद्धा कुणी उचलत नाही. अर्धी कापून घेतात, मग उरलेल्या अर्धीची अर्धी. असं करत जो कण उरतो, तो चर्चच्या तळघरात सोमवारपर्यंत सन्मानाने पडून राहतो.

याच तळघरातून दोन वर्षांपूर्वी ऑरिन टॉलेफसनचा अकॉर्डियन नाहीसा झाला, तोही त्याच्याच मयताच्या जेवणानंतर. म्हाताऱ्याने तो नातीसाठी, ॲनिकासाठी, ठेवला होता. पोरगी दहा वर्षांची. तिने घरोघर जाऊन विचारलं, "आमच्या आजोबांचा अकॉर्डियन पाहिलात का?" प्रत्येक घरात तिला गरम कोको मिळाला आणि भरपूर हळहळ मिळाली. योगायोगाने त्याच हिवाळ्यात आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष व्हर्लिन हॉगन यांना अकॉर्डियन वाजवण्याचा छंद लागला. साठीनंतर माणसाला छंद लागणं ही कौतुकाचीच गोष्ट. उन्हाळ्यात ते खिडक्या उघडून वाजवत आणि रस्त्याने जाणारे मान डोलावून म्हणत, "अगदी ऑरिनचाच सूर!" (वाद्य कुठून आणलं, हे विचारणं बरं दिसत नाही.)

तर अशा या गावाच्या शाळेत यंदा संगणकावरचा एक रहस्याचा खेळ आला. नाव 'तळ्याकाठची घंटा'. वयोगट दहा वर्षांवरील. "मुलं स्वतः विचार करायला शिकतील," असं म्हणून ग्रंथपाल मार्लिसबाईंनी तो मागवला. (त्यांचा हेतू शुद्ध होता, अशी नोंद मी चिटणीस या नात्याने इतिवृत्तात केली आहे.) एका जुन्या हॉटेलातली घंटा चोरीला जाते. आपण खोल्याखोल्यांतून हिंडायचं, माणसांना प्रश्न विचारायचे, पुरावे गोळा करायचे आणि शेवटी 'आरोप करा' असं लिहिलेलं लाल बटण दाबायचं. मग चोर गुन्हा कबूल करतो, घंटा वाजते, खेळ संपतो.

आमच्या मुलांनी चोर दुसऱ्याच तासाला ओळखला. हॉटेलचा आचारी. त्यानंतर महिना उलटला तरी एकाचाही खेळ संपेना.

समितीने रीतसर पाहणी केली. चोर ओळखलेली मुलं: सगळी. बटण दाबलेली मुलं: कुणीही नाही. कारणं: 'आचाऱ्याला वाईट वाटेल' (बहुमत), 'असेल बिचाऱ्याची काही अडचण' (लक्षणीय अल्पमत), 'मी कोण सांगणारा?' (भावी समिती सदस्य). बरीच मुलं रोज आचाऱ्याकडे जाऊन हवापाण्याची चौकशी करून परत येत. एका मुलीने त्याला दुसरी घंटा आणून देण्याची तयारी दाखवली. तशी सोय खेळात नव्हती.

आमचा ऊर भरून आला. असे संस्कार विकत मिळत नाहीत. बटणावरची अक्षरं बदलून 'राग मानणार नसाल तर एक विचारू?' अशी करावीत, असा ठराव आम्ही एकमताने केला. अनुमोदन अर्थात अध्यक्षांचं.

ठराव गावापुढे मांडायला जाहीर सभा भरली. आमच्या सभेत कुणीही उठून ध्वनिक्षेपकावर तीन मिनिटं बोलू शकतो, आणि बहुतेक जण ती तीन मिनिटं आभार मानण्यात घालवतात. आधी खेळाचं प्रात्यक्षिक होतं. त्यासाठी मार्लिसबाईंनी ॲनिकाला बसवलं. आता ती बारा वर्षांची होती. तिने आचाऱ्याला दोन प्रश्न विचारले आणि सरळ बटण दाबलं.

"अगं बाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

पडद्यावर आचाऱ्याने मान खाली घातली, घंटा आणून दिली आणि ती वाजली. ॲनिका पडद्याकडे बघत राहिली.

"एवढंच असतं होय?" ती म्हणाली. मग उठून ध्वनिक्षेपकापाशी गेली. "हॉगनकाका, माझ्या आजोबांचा अकॉर्डियन तुम्ही नेलात. तुमच्या घरात आहे. मला परत द्या."

अध्यक्ष कानापर्यंत लाल झाले.

"अगं, मागायचास ना! मी काय नाही म्हटलं असतं?"

"मागितला होता. तुमच्या दारात उभं राहून. तुम्ही कोको दिलात."

"क्रीम घालून दिला होता," अध्यक्षांच्या बाजूने कुणीतरी बोललं.

"तीन मिनिटं झाली वाटतं," मार्लिसबाई पुटपुटल्या. (एकही झालं नव्हतं.) मी प्रसंगावधान राखून पुढचा विषय पुकारला: रस्त्यावरचा बर्फ.

सकाळी टॉलेफसनांच्या पायरीवर अकॉर्डियन होता आणि त्याच्यावर वड्यांचं ताट. (एक वडी अर्धी.) इतिवृत्तात 'वस्तू मिळून आली' एवढंच आहे. पुढे आठवडाभर दुकानात, चर्चमध्ये, जो तो पोरीला बाजूला घेऊन सांगत होता, "आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं हं!" मीही सांगितलं.

"मग बोलला का नाहीत?" तिने मला विचारलं.

अलीकडच्या मुलांना मोठ्यांशी कसं बोलावं ते कळत नाही. खेळ कपाटात गेला आहे आणि वयोगट सत्तरच्या पुढे नेण्याचा विचार आहे. ॲनिका रोज वाजवते, सूर चुकतात, तरी खिडकी सताड उघडी ठेवते. आम्ही आमच्या लावून घेतो. व्हर्लिन यांना झालेल्या मनस्तापाबद्दल गावाने एक दिलगिरीचं कार्ड काढलं आहे, ते सहीसाठी घरोघर फिरतंय.

तुम्ही हसत असाल, तर खुशाल हसा. पण चोर तुम्हालाही दुसऱ्याच परिच्छेदात कळला होता, आणि पोरगी तेव्हापासून दारोदार विचारत होती. तुम्ही मुकाट्याने पुढे वाचत राहिलात. शोभलं हो, आमच्याच वळणाचे आहात! कार्डावर जागा आहे अजून. तुमची सही कुठे घेऊ?